लाल टोपणाची सिरिंज

मागच्या महिन्यात एका रात्री साडेनऊला इथे इंग्लंडमध्ये माझा फोन वाजला. नागपुरात तेव्हा दोन वाजले होते. अशा वेळी तिकडून फोन आला की छातीत धस्स होतं. ज्यांचे आईवडील दूर आहेत त्यांना हे सांगायला नको. पण फोन घरचा नव्हता. माझ्याच नर्सिंग कॉलेजात शिकलेली, माझ्यापेक्षा बरीच लहान अशी एक सिस्टर होती. नाइटवर होती आणि बहुधा बाथरूममध्ये जाऊन बोलत होती, कारण आवाज घुमत होता.

"ताई, चुकलं माझ्याकडून. मेश्राम नावाचे दोन पेशंट आहेत, सातवर एक, नऊवर एक. सातचं इंजेक्शन नऊला दिलं गेलं."

"कोणतं?"

"एनॉक्सापॅरिन. चाळीस."

हे रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून देतात. नऊ नंबरच्या काकांचं सकाळी आठला हर्नियाचं ऑपरेशन होतं, पाठीत भूल देऊन. ती म्हणाली, काकांना काहीच झालं नाही, शांत झोपले आहेत. मग जरा थांबून, "नाही सांगितलं तर चालेल का वो ताई?"

चालणार नव्हतं. एनॉक्सापॅरिनच्या या डोसनंतर निदान बारा तास पाठीच्या कण्याजवळ सुई घालत नाहीत. घातली तर आत रक्त साकळून मज्जारज्जू दाबला जाऊ शकतो आणि चालत आलेल्या माणसाचे पाय कायमचे जाऊ शकतात. भूल देणाऱ्या डॉक्टरला हे कळायचा एकच मार्ग होता, तो म्हणजे या पोरीचं तोंड. तिला म्हटलं, फोन ठेव आणि आत्ताच्या आत्ता आरएमओला, म्हणजे ड्युटीवरच्या डॉक्टरला, उठव. नंतर मला झोप आली नाही. कारण तिनं विचारलेला प्रश्न माझ्या ओळखीचा होता. २०१२ साली तोच प्रश्न माझ्यापुढेही होता, आणि माझ्या इन्चार्ज सिस्टरकडून मिळालेलं उत्तर वेगळं होतं.

तेव्हा मी नागपुरातल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये होते. नाव लिहीत नाही. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, होऊन दीड वर्ष झालं होतं. मे महिना, वॉर्डात कूलरची घरघर, गोंदिया-भंडाऱ्यापासून छिंदवाड्यापर्यंतचे पेशंट, त्यांचे नातेवाईक जिन्यात चादर टाकून झोपलेले. चौतीस पेशंट आणि आम्ही दोघी. त्यातली एक जण आयसीयूत माणूस कमी म्हणून अकरा वाजता तिकडे गेली.

एका काकांना रात्रीच्या जेवणाआधी बारा युनिट इन्सुलिन द्यायचं होतं. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन तऱ्हेच्या मिळतात: एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटची आणि १०० युनिटची. सिरिंजही दोन, चाळीसवालीचं टोपण लाल, शंभरवालीचं केशरी. ट्रेमध्ये नेहमी लाल टोपणाच्याच असायच्या, कारण बाटलीही चाळीसचीच यायची. त्या दिवशी नातेवाइकांनी बाहेरच्या मेडिकलमधून शंभरची आणली होती. मी लाल टोपण काढलं आणि बाराच्या रेघेपर्यंत औषध ओढलं. त्या सिरिंजवरची बारावी रेघ म्हणजे ०.३ मिलिलिटर. शंभरच्या बाटलीतलं ०.३ मिलिलिटर म्हणजे ३० युनिट. बाराऐवजी तीस. सुई टोचताना काका मला त्यांच्या नातीच्या दहावीच्या मार्कांबद्दल सांगत होते.

रात्री एकच्या सुमारास त्यांच्या मुलानं हाक मारली. काका घामानं निथळत होते, भलतंच काही बोलत होते, मला त्यांच्या बहिणीच्या नावानं हाक मारत होते. शुगर ४१. डॉक्टर धावत आले, आम्ही २५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं द्रावण, शिरेतून दिलं, आणि दहा-पंधरा मिनिटांत काकांची नजर ठिकाणावर आली. त्यांनी पाणी मागितलं. मी स्टोअरमध्ये जाऊन कचऱ्यातली सिरिंज पाहिली, मग बाटली पाहिली, आणि तिथेच खाली बसले.

सकाळी इन्चार्ज सिस्टर आल्या तेव्हा मी सगळं खरं सांगितलं. त्या वाईट बाई नव्हत्या. आजही मला त्यांच्याबद्दल राग नाही. मी रजिस्टर काढलं तसं त्यांनी माझा हात धरला. "काहून लिहून राहिली तू? पेशंट बरा झाला ना? लिहिलं तर मेमो निघंल, नातेवाइकाईनं वाचलं तर काचा फुटतील, अन् तुझे ओरिजिनल सर्टिफिकेट ऑफिसात जमा आहेत, माहीत आहे ना? जाऊ दे वं पोट्टे. घरी जाऊन झोप." फाइलमध्ये लिहिलं गेलं, 'रुग्णाने जेवण कमी घेतल्यामुळे शुगर कमी झाली.' ते अक्षर माझं आहे.

अशा चुका नोंदवायचे इन्सिडेंट फॉर्म नव्हते असं नाही. हॉस्पिटलांचा दर्जा तपासणाऱ्या एनएबीएच या मंडळाची मान्यता हवी असेल तर ते ठेवावेच लागतात, आणि आमच्याकडेही मेट्रनच्या कपाटात त्यांचा कोरा गठ्ठा होता. तपासणीच्या आधी काही भरले जायचे: पेशंट घसरला, सलाइनची जागा सुजली, असे कुणाला न लागणारे.

चार महिन्यांनी वरच्या मजल्यावर हेच झालं. तीच शंभरची बाटली, तेच लाल टोपण. या वेळी एक आजी होत्या, आणि त्या गाढ झोपल्या आहेत असं समजून पहाटेपर्यंत कुणी उठवलं नाही. त्या वाचल्या, पण मेंदूला साखर न मिळता बराच वेळ गेला होता. पुढे त्यांना माणसं नीट ओळखता आली नाहीत. नातेवाइकांनी काउंटर फोडला. ड्युटीवरच्या मुलीला दुसऱ्याच दिवशी काढून टाकलं. माझी बॅचमेट होती ती. सगळे म्हणत होते, इतकी कशी बेफिकीर? मीही तिथेच उभी होते. मी काही बोलले नाही.

मी मे महिन्यात ते एक पान भरलं असतं, तर ट्रेमध्ये नुसत्या लाल टोपणाच्याच सिरिंज राहिल्या नसत्या. निदान कुणीतरी बाटलीवर मार्करनं '१००' लिहिलं असतं. हे मला तेव्हाही कळत होतं.

आता इकडचं सांगते. मी सात वर्षांपासून इंग्लंडमध्ये, यॉर्कशायरमध्ये सरकारी आरोग्यसेवेत आहे. आल्यावर दुसऱ्याच वर्षी माझ्या हातून चूक झाली. मध्यरात्री दुसऱ्या वॉर्डातून आलेल्या एका आजीबाईंना डॉक्टरांनी लिहिलेलं अँटिबायोटिक मी सलाइनवाटे सुरू केलं. त्यात पेनिसिलिनच्या जातीचं औषध होतं. पांघरूण सारखं करताना त्यांचं मनगट दिसलं: लाल पट्टा. इथे ॲलर्जी असलेल्याच्या हातात लाल पट्टा बांधतात. आधी पाहायला हवा होता, पाहिला नव्हता. कॉम्प्युटरवर ॲलर्जीचा रकाना रिकामा होता, म्हणून मी पुढे गेले होते. नळी बंद केली तेव्हा थोडंसंच औषध गेलं होतं. अंगावर चट्टे उठले, श्वासाला काही झालं नाही.

माझ्या मनात त्या क्षणी काय आलं ते लिहिते. व्हिसा. रजिस्ट्रेशन. घरी आई काय म्हणेल. आणि त्यामागोमाग, "जाऊ दे वं पोट्टे."

नाइटच्या सिस्टरला सांगितलं. तिनं आधी पेशंट पाहिला, मग मला खुर्ची दिली आणि विचारलं, "तू ठीक आहेस ना? पहिल्यापासून सांग, काय काय झालं?" 'कुणी केलं' हा प्रश्न त्या रात्री कुणीच विचारला नाही. पहाटे डॉक्टर आणि मी आजीबाईंच्या पलंगाशी बसलो आणि काय झालं ते सांगून माफी मागितली. इथे २०१४ च्या नोव्हेंबरपासून कायदाच आहे: उपचारात चूक होऊन रुग्णाला ठरावीक पातळीच्या वर इजा झाली तर हॉस्पिटलनं ते त्याला सांगायचं, माफी मागायची आणि लेखी द्यायचं. इजा त्याहून कमी असली तरी नर्सच्या व्यवसायाच्या नियमांत उघडपणे सांगणं येतंच. आणि २००६ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यात स्पष्ट आहे की नुसती माफी मागितली म्हणून दोष कबूल केला असं धरलं जाणार नाही. आजीबाईंनी माझा हात थोपटला आणि म्हणाल्या, सांगितलंस ते बरं केलंस.

मग डेटिक्स. इथल्या बऱ्याच हॉस्पिटलांत घटना नोंदवायच्या सॉफ्टवेअरचं हे नाव. वीसेक मिनिटं लागली. तीन आठवड्यांनी कळलं की पट्टा इमर्जन्सीत बांधला होता, पण ती माहिती कॉम्प्युटरवर चढलीच नव्हती. तेव्हापासून रात्री पेशंट बदलून आला की दोघी नर्सेस पट्टा मोठ्यानं वाचतात आणि रकाना भरल्याशिवाय पहिलं औषध देत नाहीत. तो नियम माझ्या चुकीतून आला, आणि दर वेळी पट्टा वाचताना मला त्याचा आधार वाटतो.

इकडे सगळं आलबेल आहे असं मात्र समजू नका. हा कायदा आला तो स्टॅफर्डच्या हॉस्पिटलमध्ये जे घडलं त्यानंतर. तिथे २००५ ते २००९ या काळात रुग्णांची भयंकर हेळसांड झाली, आणि त्याचा सरकारी चौकशी अहवाल २०१३ च्या फेब्रुवारीत आला, २९० शिफारशींचा. तिथल्या इमर्जन्सीतल्या हेलीन डॉनेली या नर्सनं शंभराच्या आसपास तक्रारी नोंदवल्या होत्या. हाती काय आलं, तर सहकाऱ्यांच्या धमक्या. म्हणजे फॉर्म होता, भरणारी होती, वाचणारं कुणी नव्हतं. आजही कुणाशी वाजलं की "तुझ्या नावानं डेटिक्स टाकीन" असं बोलतात, आणि ते ऐकलं की मला फार वाईट वाटतं. बाहेरून आलेल्या आमच्यासारख्यांना जास्त भीती असते, आणि ती निराधार नाही. कृष्णवर्णीय नर्सेसच्या तक्रारी मालकांकडून प्रमाणापेक्षा जास्त जातात, हे इथल्या नर्सिंग कौन्सिलनंही मान्य केलं आहे. पंधरा दिवस वाट पाहूनही काही कळवलं जात नाही असेही फॉर्म मी भरले आहेत.

तरी नागपुरातल्या मुलीपुढे जो डोंगर आहे तो इथे नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ वाचा. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर पाच वर्षांपर्यंत कैद. उपचार करताना नोंदणीकृत डॉक्टरकडून झाला तर दोन वर्षांपर्यंत. या सवलतीच्या व्याख्येत वैद्यकीय पदवीवाले आहेत, नर्स नाही. एकाच पलंगाशी उभ्या असलेल्या दोघांपैकी जिचा पगार कमी, जिचा अधिकार कमी, तिची शिक्षा जास्त. हे मला अन्यायाचं वाटतं आणि आपल्या नर्सेसच्या संघटनांनी यावर बोलायला हवं.

औषधांच्या दुष्परिणामांपुरती एक वाट मात्र आहे, आणि ती आपल्याच बऱ्याच सिस्टर्सना माहीत नाही. २०१० पासून देशात असे दुष्परिणाम नोंदवायचा फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रम आहे, गाझियाबादहून चालतो. नर्सही त्याचा फॉर्म भरू शकते, १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर फुकट फोन करता येतो, आणि फॉर्मवरच छापलेलं असतं की माहिती दिली म्हणजे दोष कबूल केला असं नाही. तेवढं एक वाक्य आमच्या मेट्रनच्या कपाटातल्या गठ्ठ्यावर असतं तर!

घरी इन्सुलिन घेणाऱ्यांसाठीही सांगते. माझे बाबा घेतात. दुकानदारानं बाटली बदलून दिली की व्हिडिओ कॉलवर मी ती कॅमेऱ्यासमोर धरायला लावते. बाटलीवर ४० असेल तर लाल टोपण, १०० असेल तर केशरी. बाबा चिडतात, पण दाखवतात.

त्या मेश्रामकाकांचं ऑपरेशन त्या दिवशी संध्याकाळवर ढकललं आणि नीट झालं. भूल देणाऱ्या मॅडमनी त्या पोरीला बाजूला घेऊन थँक्यू म्हटलं. दुपारी तिला मेमोही मिळाला. ती रडत होती, पण म्हणाली, "ताई, काका चालत घरी गेले."

त्यानंतर दोन दिवसांनी मी माझ्या त्या बॅचमेटला फोन केला. ती आता उमरेडकडे असते, नर्सिंग तिनं तेव्हाच सोडलं. इकडचं-तिकडचं बोलणं झालं आणि मग मी तिला मे महिन्यातलं सगळं सांगितलं: बाटली, टोपण, शुगर ४१, माझं अक्षर. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मागे कुकरची शिट्टी झाली, तिनं गॅस बंद केल्याचं ऐकू आलं.

"म्हणजे माझ्या आधी पण झालं होतं?" ती म्हणाली. "मला इतकी वर्षं वाटत राहिलं, एकटी मीच."