साडेदहाचा बर्फ

रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघून जाते, राजवाड्याच्या आसपासच्या भिंतींवर गुलाल अजून तसाच असतो आणि इंदूरचा पारा पस्तिशी ओलांडून पुढे निघालेला असतो. नेमक्या याच दिवसांत घरोघरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कॅलिफोर्नियाहून एक फोटो येऊन पडतो. मागे निळंशार तळं, भोवती पांढरे डोंगर, आणि मधोमध मुलगा-सून अर्ध्या बाह्यांच्या टी-शर्टात, पायांत लांबलचक पट्ट्या अडकवून उभे. टिळकनगरातल्या आजींचा प्रश्न ठरलेला, "अगं, थंडी नाही का वाजत?"

नाही वाजत. वसंतातल्या स्कीइंगमध्ये थंडीपेक्षा उन्हाचाच हिशेब जास्त. सकाळी किती वाजता घराबाहेर पडायचं आणि दुपारी किती वाजता सावलीला यायचं, हे माळव्यातल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. इथे तीच अक्कल बर्फावर चालवायची.

फोटोतलं तळं बहुतेक वेळा लेक टाहो असतं. समुद्रसपाटीपासून सुमारे १९०० मीटरवर, आणि खोली ५०१ मीटर. इतकं खोल पाणी वर-खाली ढवळत राहतं, त्यामुळे भर हिवाळ्यातही ते गोठत नाही. तळ्याचा दोन तृतीयांश भाग कॅलिफोर्नियात, उरलेला नेवाडात. वायव्येच्या डोंगरात १९६०चं हिवाळी ऑलिंपिक झालं, ते ठिकाण आता पॅलिसेड्स टाहो नावाने ओळखलं जातं. दक्षिण काठावर हेवनली हे दुसरं स्कीचं ठिकाण. त्याचं शिखर ३०६८ मीटरवर, आणि त्याचे उतार दोन्ही राज्यांत पसरलेले. इंदूर साडेपाचशे मीटरवर आहे हे लक्षात घेतलं, तर गोंडोल्यातून, म्हणजे तारेवरच्या पाळण्यातून, वर उतरल्यावर डोकं का ठणकतं ते कळतं. तहान लागो न लागो, पाणी पीत राहायचं, आणि पहिल्या संध्याकाळी बिअरला जरा सबुरी दाखवायची.

आता बर्फ. दिवसा ऊन लागलं की वरचा थर वितळतो, रात्री पुन्हा गोठतो. हे चक्र बरेच दिवस चाललं की मूळच्या नाजूक चांदण्या नाहीशा होतात आणि त्यांच्या जागी गोल, जाडसर दाणे तयार होतात. तिकडे त्याला कॉर्न स्नो म्हणतात, पण आपल्याला तो साबुदाण्यावरून पटकन समजेल. पहाटे भिजत न घातलेल्या साबुदाण्यासारखा टणक. थोडं ऊन लागलं की दाणा न् दाणा मोकळा, बोटाने दाबला तर सरकणारा. आणि पाणी जास्त झालं की सगळा गिचका. यातली मधली अवस्था तासा-दीड तासाची पाहुणी. तिच्यासाठीच लोक मार्च-एप्रिलात डोंगरावर जातात.

ती अवस्था कधी येणार हे आदल्या रात्रीच ठरतं. नवखी मंडळी दिवसाचं तापमान बघतात. बघायला हवं ते रात्रीचं, आणि त्याहून जास्त रात्रीचं आकाश. आकाश निरभ्र असेल तर बर्फ आपली उष्णता थेट वर सोडून देतो आणि हवा शून्याच्या थोडी वर असली तरी त्याचा पृष्ठभाग गोठतो. ढग असतील तर ती उष्णता अडकते, बर्फ गोठतच नाही आणि सकाळी आठलाच गिचका हजर. अशा दिवशी सरळ तळ्याकाठी फिरायला जावं, तिकिटाचे डॉलर वाचतात. आणखी एक बारकावा घड्याळाचा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे सरकवतात. सूर्याला त्याचा पत्ता नसतो. त्यामुळे आधीच्या आठवड्यात साडेनऊला सुटणारा बर्फ आता साडेदहाला सुटतो, आणि उत्साहाने आठ वाजता पहिल्या लिफ्टला उभं राहिलेलं जोडपं दोन तास दात वाजवत खडखडाटावरून घसरत राहतं. रात्री रोलर फिरवून उतारावर ज्या सुबक रेघा पाडलेल्या असतात, त्या फोटोत छान दिसतात. गोठल्यावर मात्र त्याच रेघांवरून जाताना दाढा हलतात.

दिवस आखायचा तो उन्हाच्या मागे मागे. आधी पूर्वेकडे तोंड असलेले उतार, मग दक्षिणेकडचे, शेवटी पश्चिमेकडचे. उत्तरेकडचे बराच वेळ कडकच राहतात. हेवनलीत हे सोपं जातं. सकाळी नेवाडाच्या बाजूचे पूर्वाभिमुख उतार धरायचे, समोर वाळवंट दिसतं. ऊन चढलं की कॅलिफोर्नियाकडे यायचं, तिथून तळं दिसतं. बर्फ तयार झाला की नाही हे काठीच्या टोकाने कळतं. टक् असा आवाज आला तर अजून वेळ आहे. टोक बोटभर आत गेलं आणि दाणे सुटे झाले, की निघा. बूट घोट्यापर्यंत रुतायला लागले तर त्या उताराचं आजचं काम संपलं.

जेवणाचंही घड्याळ उलटं. बारा वाजता लॉजमध्ये रांग असते आणि बाहेर बर्फ उत्तम असतो. म्हणून सकाळी पोटभर खाऊन निघावं, खिशात शेवेची पुडी आणि दाण्याची चिक्की ठेवावी, आणि बर्फ बिघडला की दीड वाजता निवांत जेवायला बसावं. इंदुरी माणूस शेव नेल्याशिवाय राहत नाहीच, पण पुडीचं तोंड रबराने घट्ट बांधलेलं असू द्या. लिफ्टवर बसून हातमोजे घालून ती उघडायला गेलं की निम्मी शेव खालच्या पाइन झाडांना मिळते.

आता खरी मेख बुटांत आहे. स्कीचे बूट सेंटिमीटरमध्ये मोजतात. अनवाणी पाय २६.५ भरला तर बूट २६.५चा. एक नंबर मोठा घेऊन आत दोन मोजे घालायचे, ही आपली जुनी हिवाळी हुशारी इथे अंगाशी येते. बूट सैल असला की टाच उचलली जाते, आपण गुडघा वळवतो आणि स्की सरळच जाते. मोजा एकच, पातळ, पोटरीपर्यंतचा, सुती नको. आतली थर्मल विजार बुटाच्या वरच संपली पाहिजे. कापडाची एक चुणी आत राहिली की दुपारपर्यंत नडगीवर तिचा वळ उठतो. बूट घालताना त्याची जीभ पुढे ओढायची, पाय आत सरकवायचा आणि टाच जमिनीवर दोन-तीनदा आपटून मागे बसवायची. मग आधी घोट्याजवळची पकड लावायची, नंतर वरच्या. बोटांवरच्या पकडी नुसत्या अडकवायच्या, त्या आवळल्या की रक्त अडतं आणि पाय गार पडतो. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकली पाहिजेत, गुडघे वाकवले की थोडी मागे सरकली पाहिजेत. दुकानात हे दहा मिनिटं घालून तपासावं, मागे रांग कितीही कुरकुरत असो.

त्यानंतर दुकानदार एक फॉर्म पुढे सरकवतो. उंची, वजन, वय, आणि स्की किती येतं. बुटाच्या तळव्याची लांबी तो स्वतः बुटावरच वाचतो, मिलिमीटरमध्ये. या सगळ्यावरून बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीचा, आकडा ठरतो. पडल्यावर बूट किती जोराला स्कीतून सुटायचा, त्याचा तो आकडा. वयाची पन्नाशी झाली की कोष्टकात एक ओळ वर सरकून आकडा कमी लावतात. बहुतेक जोडपी इथे एकमेकांसमोर खोटं बोलतात. एक जण वजन चार किलो कमी सांगतो, तर दुसरा "मला बऱ्यापैकी येतं" म्हणून टाकतो. वजन कमी सांगितलं तर स्की भलत्या वेळी निसटते. कौशल्य वाढवून सांगितलं तर पडल्यावरही निसटत नाही, आणि मग जे फिरतं ते गुडघ्यातलं असतं. ओला बर्फ स्कीला धरून ठेवतो, त्यामुळे वसंतात हा धोका थोडा जास्तच. फॉर्म भरताना नवरा-बायकोने वेगवेगळ्या काउंटरवर उभं राहिलेलं बरं.

कपड्यांत जीन्स सपशेल बाद. लिफ्टची खुर्ची ओली असते, बर्फ ओला असतो, आणि भिजलेली जीन्स संध्याकाळपर्यंत वाळत नाही. वरून पाणी न शिरणारी पँट, आत पातळ थर. चैत्रात इंदूरच्या बाजारात थर्मल शोधायला गेलात तर दुकानदार आपल्याला ऊन लागलंय की काय अशा नजरेने बघतो, म्हणून ही खरेदी जानेवारीतच उरकावी. हातमोज्यांचे दोन जोड. गॉगल हवाच. उंची दर हजार मीटरला अतिनील किरणं सुमारे दहा टक्क्यांनी वाढवते, आणि ताजा बर्फ त्यातली ऐंशी टक्क्यांपर्यंत परत वर फेकतो. ऊन खालूनही येतं, हे आपल्याला सवयीचं नाही. सनस्क्रीन हनुवटीच्या खाली, नाकपुड्यांच्या कडांना आणि कानांच्या मागेही लावायचं, दर दोन तासांनी. डोळे उघडे राहिले तर रात्री वाळू गेल्यासारखे खुपतात.

जोडप्यातल्या एकाला येत असेल आणि दुसऱ्याला नसेल, तर येणाऱ्याने शिकवू नये. हे मत ठाम आहे, त्यावर चर्चा नाही. घरी गाडी शिकवताना जे होतं, तेच इथे उतारावर होतं, फक्त इथे ब्रेकही शिकणाऱ्याच्याच पायात असतो. ती खालून ओरडते, "वाक ना पुढे!" आणि तो वरून, "वाकलो की पडतो!" दोघंही खरं बोलत असतात. वजन पुढे आलं तरच स्कीचं टोक वळतं, पण उताराच्या भीतीने माणूस मागे झुकतो, आणि मागे झुकला की टोकं हलकी होऊन स्की पळत सुटते. हे ओळखीच्या माणसाकडून ऐकताना अपमान वाटतो, अनोळखी प्रशिक्षकाकडून ऐकताना मुकाट पटतं. सकाळी बर्फ कडक असताना नवख्याला दोन तासांच्या वर्गात घालावं. शिकण्याचे उतार सपाटच असतात, आणि टोकं जुळवून टाचा फाकवायच्या, म्हणजे स्कीचा उलटा व्ही होतो आणि वेग मरतो, एवढं तिथे येतं. दुसऱ्याने तोवर आपली हौस भागवून घ्यावी. साडेदहा-अकराला दोघं हिरव्या वर्तुळाच्या उतारावर भेटतात तेव्हा बर्फही मऊ झालेला असतो आणि स्वभावही. अमेरिकेत हिरवं वर्तुळ सोपं, निळा चौकोन मध्यम, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची काळी खूण कठीण. निळ्याची घाई नको.

बाराच्या पुढे खेळ बदलतो. झाडाच्या सावलीत बर्फ अजून कडक असतो आणि दोन पावलं पुढे उन्हात चिकट. स्की सावलीतून सुसाट येते आणि उन्हात शिरताच अडते, पण वरचं शरीर त्याच वेगाने पुढे जातं. अशा जागी सावली संपायच्या आधी गुडघे थोडे वाकवून एक पाय किंचित पुढे घ्यायचा आणि दोन्ही पायांवर सारखं वजन ठेवायचं. एकदम ब्रेक मारायचा नाही, वळणं मोठी, गोल घ्यायची. स्की चिकटण्याचं कारण तिच्या तळाखालचं पाणी. पाणी खूप झालं की तळ आणि बर्फ एकमेकांना ओढून धरतात, शिवाय पाइनचे पराग आणि धूळही त्यात मिसळलेली असते. उबदार हवेसाठीचं मऊ मेण खिशात ठेवून तळाला चोळलं तर दोन-तीन फेऱ्या सुखाच्या जातात. शेवटचा सपाट पट्टा लांबूनच ओळखून वेग राखून यायचं, नाहीतर काठ्या मारत चालत जावं लागतं. काठीचा पट्टा मनगटात घट्ट अडकवून पडलं की अंगठा मुरगळतो. पडताना काठी सोडून द्यावी, ती कुठे जात नाही.

टाहोभोवतीच्या याच सिएरा पर्वतातून १८५६पासून जॉन थॉम्पसन नावाचा मूळचा नॉर्वेचा एक माणूस एकाच लांब काठीच्या आधाराने, पाठीवर टपाल घेऊन लाकडी पट्ट्यांवरून डोंगर ओलांडायचा. त्याला ना लिफ्ट होती ना मेण. आपल्याकडे ही विद्या गुलमर्गला मिळते, आणि तिथला हंगामही मार्चअखेरपर्यंत चालतो. व्हिसाचा खटाटोप नको असेल तर सुरुवात तिथे करावी. उन्हाचं गणित तेच.

हेवनलीत दुपारी एक सांभाळायचं. गावात उतरणारा गोंडोला कॅलिफोर्नियात आहे, आणि दोन राज्यं जोडणाऱ्या लिफ्ट संध्याकाळच्या आधीच बंद होतात. "एक फेरी मारून येते" म्हणून बायको नेवाडात उतरली आणि लिफ्ट थांबली, तर नवरा एका राज्यात, ती दुसऱ्यात, आणि मध्ये टॅक्सीचं बिल. शिखरावर फोनची बॅटरी गारठून पटकन उतरते, म्हणून भेटायची जागा आणि वेळ सकाळीच ठरवावी. गोंडोल्याच्या खालच्या टोकापर्यंत घसरत यायला उतारच नाही, त्यामुळे नवख्याला पाळण्यातून उतरताना लाजायचं कारण नाही. सगळेच तसे उतरतात.

खाली तळ्याकाठी टी-शर्टात बसावं, पाण्यात मात्र उडी नको. वसंतात ते पाणी इतकं गार असतं की अंग पडताच श्वास अडकतो, आणि त्या पहिल्या मिनिटातच घात होऊ शकतो. पाय बुडवून बसलं तरी पुरे.

मुक्कामी परतल्यावर बुटांचे आतले अस्तर बाहेर काढून वाळत घालावं, हीटरपासून हातभर लांब. मग ते पुन्हा आत घालून पकडी हलक्या लावून ठेवाव्या, म्हणजे प्लास्टिकचा आकार बिघडत नाही. कंटाळा करून बूट रात्रभर गाडीच्या डिकीत सोडले, तर सकाळी प्लास्टिक दगडासारखं झालेलं असतं, आणि एकाचा पाय आत घालायला दोघांना जोर लावावा लागतो.