त्रिकोण आणि गोल

शाळेच्या फाटकाबाहेरची पाटी. त्रिकोणात दोन मुलं, वेगाचा आकडा कुठेच नाही. पुढच्या खांबावर कॅमेरा मात्र चकचकीत!

त्रिकोणी पाटी नुसती सावध करते. बंधन घालते ती लाल कडेची, आत आकडा असलेली गोल पाटी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ प्रमाणे कायमची वेगमर्यादा ठरवली की तिची पाटी लावावीच लागते. शिवाय २०२१ च्या नियम १६७-अ नुसार कॅमेऱ्याचा सूचनाफलकही ठळक दिसायला हवा.

इथली गोल पाटी सापडली शेवटी. गुलमोहराच्या फांदीआड, ‘३०’ मधलं फक्त शून्य दिसतंय.

चलान आलंच तर त्यावरचा वेग, जागा, वेळ तपासा आणि तक्रारीला फांदीचा फोटो जोडा.

पण ती फांदी छाटायची कुणी? पालिकेने की वाहतूक शाखेने?