पदं न मोजता भूमिती श्रेढीची बेरीज

भूमिती श्रेढीची, म्हणजे जिथे प्रत्येक पद आधीच्या पदाला एकाच ठराविक संख्येने (गुणोत्तराने) गुणून मिळतं अशा श्रेढीची, बेरीज करताना मी पदं मोजतच नाही. गणित बिघडतं ते बहुतेक वेळा तिथेच. ३ + ६ + १२ + … + १५३६ घ्या. १५३६ म्हणजे ३ × ५१२ आणि ५१२ हा २ चा ९ वा घात, म्हणून हात सहज ‘९ पदं’ लिहून मोकळा होतो. पदं असतात १०, कारण पहिल्या पदात २ चा शून्य घात असतो. पदांची संख्या लागणाऱ्या नेहमीच्या सूत्रात ९ घातलं की उत्तर १५३३, म्हणजे एकट्या शेवटच्या पदाहूनही कमी!

त्याऐवजी मी शेवटच्या पदापुढे जे पद आलं असतं ते काढतो. इथे ते ३०७२. मग:

बेरीज = (पहिलं पद − पुढचं पद) ÷ (१ − गुणोत्तर)
= (३ − ३०७२) ÷ (१ − २) = ३०६९

हे सूत्र पाठ करायचीही गरज नाही. श्रेढी लिहा, तिच्याखाली तीच श्रेढी गुणोत्तराने गुणून एक घर उजवीकडे सरकवून लिहा आणि वजा करा. मधलं सगळं उडतं, वरचं पहिलं आणि खालचं शेवटचं तेवढं उरतं. गुणोत्तर १ असेल तर छेद शून्य होतो. तिथे मात्र पदं मोजून सरळ गुणाकार.

ऋण गुणोत्तरात कंस विसरू नका. ८१ − ५४ + ३६ − २४ + १६ मध्ये गुणोत्तर −२/३, पुढचं पद −३२/३. वर ८१ + ३२/३ = २७५/३, खाली १ + २/३ = ५/३, उत्तर ५५. खाली १ − २/३ केलंत तर २७५ येतील.

अनंत पदांना वेगळं सूत्र लागत नाही. गुणोत्तर −१ आणि १ यांच्या मध्ये असलं की ‘पुढचं पद’ शून्याकडे जातं, म्हणून ते गळतं. वरचीच श्रेढी अनंत चालवली तर ८१ ÷ (५/३) = ४८.६. ताळा बघा: ८१, २७, ६३, ३९, ५५… बेरजा ४८.६ च्या आलटून पालटून वर-खाली होत जवळ येतात. अट न पाहता ५ + १० + २० + … ला हेच लावलं तर −५ मिळतात. सगळी पदं धन आणि बेरीज ऋण.

०.२७७७… मध्ये २ श्रेढीत धरू नका. ती ०.०७ पासून सुरू होते: ०.२ + ०.०७ ÷ ०.९ = ५/१८. चेंडूच्या गणितातही हीच गोम. २ मीटरवरून सोडलेला चेंडू दर वेळी आधीच्या उंचीच्या ३/५ उसळत असेल, तर पहिलं पडणं एकदाच, बाकी प्रत्येक उंची दोनदा: २ + २ × (१.२ ÷ ०.४) = ८ मीटर.

पैशांच्या हिशोबात धोका वेगळा, तो पूर्णांकनाचा. दर महिन्याच्या सुरुवातीला २००० रुपयांचा हप्ता, १२ महिने, दरमहा १% चक्रवाढ धरू (बँका आरडीवर, म्हणजे आवर्ती ठेवीवर, साधारणपणे तिमाही धरतात). पहिलं पद २०२० (शेवटचा हप्ता, एका महिन्याच्या व्याजासह), गुणोत्तर १.०१, पुढचं पद २००० × १.०१ चा १३ वा घात. हा घात १.१४ घेतला तर बेरीज २६,०००, १.१३८०९३३ घेतला तर २५,६१८.६६. छेदात ०.०१ असल्याने वरची चूक शंभरपट होते, म्हणून मी सात दशांश स्थळं ठेवतो.

हा १३ वा घात हातानेच काढायचा तर बारा गुणाकार नकोत. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त युक्ती दिली आहे: घातांक विषम असेल तर १ वजा करून ‘गुण’ लिहा, सम असेल तर निम्मा करून ‘वर्ग’, असं शून्यापर्यंत; मग १ पासून खालून वर या, ‘गुण’ला मूळ संख्येने गुणा, ‘वर्ग’ला वर्ग करा. १३ साठी घात असे चढतात: १, २, ३, ६, १२, १३. पाच गुणाकारांत काम होतं.

हप्ता महिन्याच्या शेवटी भरत असाल, तर पहिलं पद २०००, पुढचं २२५३.६५ आणि जमा रक्कम साधारण २५,३६५ रुपये.