कपडा मारणे

बाबांचा बनियन रिटायर झाला की त्याची बदली गाडीकडे होत असे. रोज सकाळी ऑफिसला निघताना बाबा तो झटकून बॉनेटवरून कोरडाच फिरवायचे. याला ‘कपडा मारणे’ म्हणतात. त्यातला मार मला कळायला स्वतःची काळी गाडी घ्यावी लागली.

डिसेंबरातली कलती दुपार होती. गाडी पार्किंगमधून बाहेर काढली आणि बॉनेटवर सूर्य उतरला. त्याच्याभोवती कोळ्याचं जाळं! गोल गोल, केसासारखे बारीक चरे. बोटाला लागत नव्हते, पण एकदा दिसले ते दिसलेच.

रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ४०-५० मायक्रॉनचा. आपला केससुद्धा बहुधा याहून जाड. धुळीत असतात गारगोटीचे कण, आणि गारगोटी काचेलाही ओरखडते. शेजारी टॉवर उठतोय, त्यामुळे हा माल आम्हाला रोज घरपोच. बनियन बिचारा मऊच, पण धूळ लागली की त्याचा पॉलिश पेपर होतो.

सोसायटीत सकाळी गाड्या पुसायला येणाऱ्या काकांकडे एक बादली आणि बारा गाड्या. चौथ्या गाडीपर्यंत पाण्याचा चहा झालेला असतो. मी दोन बादल्यांचं सुचवलं. ते म्हणाले, “साहेब, पाणीच वाहत बसलो तर गाड्या कधी पुसू?” बरोबरच आहे.

मग रविवार माझा. गाडी सावलीत घ्यायची, आधी नुसतं पाणी सोडून धूळ वाहू द्यायची. एका बादलीत शॅम्पू, दुसरीत साधं पाणी, ते फक्त मायक्रोफायबरचं मऊ फडकं खळबळायला. टपापासून खाली यायचं. चाकांचं फडकं वेगळं. आमचं पाणी बोअरचं, त्यामुळे लगेच टिपलं नाही तर क्षारांचे पांढरे ठिपके उठतात. शेवटी दुसऱ्या बादलीच्या तळाशी काळपट गाळ बसतो. चिमटीत धरून चोळला की करकरतो. ती करकर ऐकून मला भलतंच समाधान मिळतं. बायको याला वेड म्हणते.

दसऱ्याला पहाटे उठून गाडी अशीच धुतली. आई पूजेचं ताट घेऊन खाली येईपर्यंत दहा वाजले. कुंकवात बोट बुडवून ती बॉनेटपाशी थबकली.

“धुतलीस ना? मग ही धूळ कसली?”

मी ‘थांब’ म्हणेपर्यंत तिने पदर घेतला आणि स्वस्तिकापुरती जागा लख्ख पुसून काढली. कोरडीच. गोल गोल.