दाढीवरून देव

आषाढात माझ्या गालांवर पुळ्या उठल्या आणि त्वचेच्या डॉक्टरांनी महिनाभर वस्तरा लावायचा नाही, असं बजावलं. पुळ्या गेल्या, दाढी राहिली. कारण म्हणाल तर शुद्ध आळस. पण दाढीमागे नुसता आळस असू शकतो, हे आपल्याकडे कुणाच्या पचनी पडत नाही. दाढीला काहीतरी तत्त्व लागतं.

सुरुवातीचे दिवस निभावले, कारण लगेच श्रावण लागला. "बरं केलंस बाबा, पाळतोयस ते. हल्ली कोण पाळतं!" असं म्हणून शेजारच्या काकूंनी साबुदाण्याची खिचडी पाठवली. खिचडी इतकी मोकळी आणि दाण्याचं कूट इतकं सढळ, की खुलासा करायची बुद्धीच झाली नाही. पुढे गणपतीही येऊन गेले आणि दाढी काही उतरेना, तेव्हा काकूंचा आवाज खाली आला. "घरी सगळं ठीक आहे ना रे? सुतकबितक नाही ना?" ऑफिसच्या गेटवरच्या वॉचमनदादांनी मात्र मला शिवभक्त ठरवून टाकलंय, रोज सकाळी "जय शिवराय, साहेब!" कुर्ल्याला रिक्षावाला "भाईजान, किधर?" म्हणतो. खांद्याला शबनम असली की ऑफिसातली नवी पोरं कॉम्रेड म्हणतात. मी देव मानतो की नाही, हे अजून एकानंही विचारलेलं नाही.

खरं तर शाळेपासून आपण पाहत आलोय. इतिहासाच्या पुस्तकात शिवाजी महाराजांना दाढी, औरंगजेबालाही दाढी. विनोबांना दाढी, मार्क्सलाही दाढी. एकानं गीता मराठीत आणली, दुसऱ्यानं धर्माला अफू म्हटलं. आणि गाडगेबाबा? अंगावर चिंध्या, हातात खराटा, डोक्यावर गाडगं. असा माणूस दारात आला तर अंगारा देईल, ताईत बांधेल, असंच वाटावं. बाबा कीर्तनात नेमके अंगारेधुपारे आणि देवापुढे कापलेल्या बोकडांवरच तुटून पडत.

कोकणानं तर कपड्यांवरून देव ओळखणाऱ्यांना कधी दादच दिलेली नाही. माझं आजोळ अलिबागकडचं. अलिबागेत इस्राएल आळी आहे, आळीत सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर आहे. ते बेने इस्राएलांचं, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचं. त्यांच्या पूर्वजांचं गलबत नवगावच्या किनाऱ्याशी फुटलं, अशी त्यांची परंपरा. वाचलेले लोक गावोगाव पांगले, तेलाचे घाणे चालवू लागले. बायका नऊवारी नेसायच्या, गळ्यात मंगळसूत्र, आमटीला नारळाचं दूध, घरात मराठी. आडनावं पेणकर, नवगावकर, किहीमकर. शेजाऱ्यांना त्यांचं वेगळेपण कळलं ते कशावरून, तर शनिवारी घाणा बंद असतो यावरून. म्हणून नाव पडलं शनिवार तेली.

त्यांच्यात एक गोष्ट सांगतात, ती मला फार आवडते. डेव्हिड रहाबी नावाचा एक ज्यू बाहेरून कोकणात आला. हे आपलेच लोक असावेत असा त्याला संशय, पण बघावं तर सगळा थाट इथलाच. मग त्यानं काय करावं? मासळीची टोपली आणून बायकांपुढे ठेवली आणि म्हणाला, करा कालवण. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे निवडून घेतले. बाकीचे, आमच्याकडे हे आम्ही खात नाही, म्हणून बाजूला सारले. मी डोळ्यांपुढे आणतो: शिंगाळा, मुशी, वाम, कोळंबी, सगळा ढीग एकीकडे पडलाय आणि रहाबी चेहरा फुलवून बघतोय. ज्यूंच्या धर्मशास्त्राचा नियमच तो. नेसणं, बोलणं, आडनाव सगळं कोकणात मिसळून गेलं, नियम तेवढा मासळी निवडणाऱ्या हातात राहिला. (गोष्ट घडलेली असो वा रचलेली, रचणाऱ्याला माणसांची पारख होती.)

यातलेच एक हिंदी सिनेमातले नट डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चेऊलकर म्हणजे आपल्या चौलचे. लोकांनी 'बूट पॉलिश'मधला त्यांचा जॉन चाचा पाहिला आणि डोक्यात पक्का ख्रिश्चन बसवला. मुंबईत सॅम्युअल स्ट्रीटवर बेने इस्राएलांचं १७९६ सालचं सिनेगॉग आहे. आसपासचे लोक त्याला जुनी मशीद म्हणत, आणि मशीद बंदर स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं, असं सांगतात. म्हणजे माणसांचं सोडा, इमारतीलाही लोकांनी भलताच धर्म चिकटवला.

बरं, दिसणं फसवं म्हणून नाव विचारावं, तर तेही भरवशाचं नाही. हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. हमीद म्हटल्यावर लोक जे गृहीत धरतील त्याच्या बरोब्बर उलट दिशेनं हा माणूस चालला. १९६६ साली तोंडी तलाकविरुद्ध सात मुस्लिम बायकांचा मोर्चा सचिवालयावर नेला, १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. १९७७ साली गेले, तेव्हा त्यांच्याच इच्छेप्रमाणे दफन नाही, दहन झालं.

हे सगळं घराच्या एजंटला कोण सांगणार? परवा भाड्याचा फ्लॅट बघायला गेलो, तर तो आधी दाढीकडे बघून घुटमळला. मग हळूच आडनाव विचारलं. आडनाव ऐकताच असा खुलला की सरळ "या हो साहेब, आपलंच घर समजा" म्हणाला. बाल्कनी दाखवली, पाण्याची वेळ सांगितली, देवघराचा कोनाडा तर दोनदा दाखवला. निघताना म्हणाला, "एकच सांगतो साहेब, तुम्हाला सांगायची गरज नाही म्हणा, पण सोसायटीत मासे चालत नाहीत." दाढीवरून आडनावावर आणि आडनावावरून माझ्या ताटावर त्यानं एका दमात उडी मारली. म्हटलं, मालकांना कळवा, आमच्याकडे शिंगाळासुद्धा चालतो.