भेग बुजवण्याआधी

रंगारी पुट्टी कालवून शिडीवर चढतच होता, त्याला खाली उतरवावं लागलं. दाराच्या वरच्या कोपऱ्यातून निघालेली ती तिरपी भेग म्हणजे घरातला सगळ्यात मोठा पुरावा होता, आणि तोच बुजवला जाणार होता.

घर कारखान्यात बांधलेलं, लाकडी सांगाड्याचं, दोन मॉड्यूलचं, म्हणजे दोन तयार भागांचं. एकेक मॉड्यूल 12 मीटर लांब, 3.6 मीटर रुंद. ट्रकवरून आणून क्रेनने पायावर ठेवलेली आणि मधल्या सांध्यावर बोल्टने आवळलेली. अशा घरांची तपासणी करणं हे माझं काम. मालकांच्या तक्रारी तीन होत्या: मधल्या भिंतीतलं दार चौकटीला घासतं, त्याच्यावर भेग पडली आहे, आणि सांध्यालगत छतावर पिवळट डाग आला आहे. कारखान्याचा माणूस म्हणत होता, "साहेब, आमच्याकडून घर अगदी गुण्यात, काटकोनात निघालं, दोष पायाचाच." पायाचा कंत्राटदार बोट कारखान्याकडे दाखवत होता. मधल्या मध्ये मालक रंगाऱ्याला बोलावून मोकळे झाले होते.

भेग कशी पडली आहे, यावरून बरंच कळतं. जिप्सम बोर्डाच्या जोडावरून सरळ जाणारी, केसासारखी बारीक भेग बहुधा प्रवासात पडते. ट्रकवर हादरे बसतात, क्रेनने उचलताना मॉड्यूल थोडं लवतं. अशी भेग एकदा पडली की सहसा वाढत नाही. इथली भेग तशी नव्हती. कोपऱ्यापाशी ती 3 मिलिमीटर रुंद होती आणि वर जाता जाता निमुळती होत संपली होती. म्हणजे खालचा आधार हलला असण्याचा संशय.

संशयावर भांडण मिटत नाही, म्हणून चौकट मोजली. दोन कर्णांत 7 मिलिमीटरचा फरक निघाला. एवढ्यावर कारखान्याचा माणूस खूश झाला नाही आणि कंत्राटदारही नाही, कारण चौकट प्रवासात तिरकी झाली तरी कर्ण बदलतात आणि आधार खचला तरी बदलतात. फरक कळतो तो ओळंब्याने, म्हणजे उभी रेघ सरळ आहे का ते दोरीला वजन लटकवून पाहण्याने. प्रवासात चौकट तिरकी झाली असेल तर उभ्या बाजू कलतात आणि वरची पट्टी पातळीत राहते. इथे दोन्ही बाजू ओळंब्यात होत्या. वरची पट्टी आणि खालची जमीन मात्र दाराच्या 900 मिलिमीटर रुंदीत 4 मिलिमीटर उतरली होती. एका बाजूचा आधार खाली गेला होता, दुसरा अर्थच निघत नव्हता.

मग जमिनीखाली शिरलो. बाहेरच्या पायाच्या भिंती लेझर लेव्हलने तपासल्या, कुठेही 3 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नव्हता. कंत्राटदाराला हायसं वाटलं, पण अशा घरात खरी परीक्षा मधल्या रांगेतल्या खांबांची असते. बैठकीची खोली मोठी दिसावी म्हणून मधली भिंत 4.8 मीटर मोकळी ठेवलेली होती. त्या उघड्या भागावरचं छताचं वजन तुळईवरून दोन टोकांच्या खांबांत येतं आणि तिथून सरळ खालच्या काँक्रीटच्या आधारावर. त्यातला दारालगतचा आधार हवा त्यापेक्षा 22 मिलिमीटर बुटका ओतला होता आणि ती फट मऊ लाकडाच्या पाचरी ठोकून भरली होती. त्यातली एक पाचर माझ्या हाताने बाहेर आली, तिची कड दबून पातळ झाली होती. वर खांब 11 मिलिमीटर खचला होता. काँक्रीट कमी ओतलं ती चूक कंत्राटदाराची. पण तसल्या आधारावर पाचरी ठोकून घर बसवलं ती चूक बसवणाऱ्या टोळीची, आणि ती टोळी कारखान्याने पाठवलेली होती.

छताच्या डागाबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत होतं: छपरावर सांधा झाकणारी जोडपट्टी गळते. मालक तर छप्पर उघडायच्या तयारीत होते. आधी नळीने पाणी मारून पाहिलं. हे नेहमी खालून वर करायचं आणि प्रत्येक टप्प्यावर 15 मिनिटं थांबायचं. सुरुवातच वरून केली तर पाणी कुठून शिरलं ते कळत नाही. आत एक थेंब आला नाही. मग डागाच्या जागी बोर्डाचा 30 सेंटिमीटरचा चौकोन कापला. इन्सुलेशन खालून चिंब, वरून कोरडं. ओलावा मोजणारं मीटर लावलं तेव्हा छताच्या वाशाच्या खालच्या कडेला 27 टक्के, वरच्या प्लायवुडला 12. वरून गळत असतं तर प्लायवुड आधी भिजलं असतं. सांध्यात अडकलेला आवरणाच्या प्लास्टिकचा फाटका तुकडाही सापडला.

मॉड्यूलची सांध्याकडची बाजू वाहतुकीत उघडी असते, तिला आडोसा फक्त त्या प्लास्टिकचा. ते रस्त्यात फाटलं आणि पाऊस आत गेला. बोर्डावर बाष्प अडवणारा प्लास्टिकचा थर असल्यामुळे ते पाणी तिथेच कोंडून राहिलं. नवी जोडपट्टी बसवली असती तरी डाग गेला नसता आणि आत बुरशी धरली असती. लाकडात ओलावा 20 टक्क्यांच्या वर टिकून राहिला की तिला पोषक वातावरण मिळतं.

अडचण झाली ती पोचपावतीची. मालकांनी "माल सुस्थितीत मिळाला" यावर सही केली होती, आवरण काढण्याआधी. मी सगळ्यांना सांगतो: ट्रक उभा असतानाच चारही बाजूंनी फोटो काढा, प्लास्टिक जिथे फाटलं असेल तो भाग जवळून घ्या, आणि पावतीवर स्वतःच्या हाताने "आतून पाहिलेलं नाही" असं लिहूनच सही करा. या घरात क्रेनवाल्याने सहज काढलेल्या एका फोटोत फाटका कोपरा दिसत होता, म्हणून निभावलं.

नळजोडणी आणि वायरिंगमध्ये काही निघालं नाही.

दुरुस्तीचा क्रम लिहून दिला. आधी खांबाजवळचे सांध्याचे बोल्ट सैल करायचे, नाहीतर खचलेल्या स्थितीत आवळलेलं मॉड्यूल वर यायला अडून बसतं. मग आधाराच्या दोन्ही बाजूंना हायड्रॉलिक जॅक लावून एका वेळी 2 मिलिमीटरच उचलायचं, थांबायचं, दार लावून बघायचं. घाईने उचललं की भेग दुसऱ्या खोलीत पडते. पातळी आली की पाचरी काढून पोलादी पट्ट्या आणि न आकसणारा ग्राउट, म्हणजे फटी भरायचा सिमेंटचा मसाला भरायचा, तो पक्का होईपर्यंत जॅक काढायचे नाहीत, आणि बोल्ट शेवटी आवळायचे. ओलं इन्सुलेशन फेकायचं. वाशाचं मीटर 15 टक्क्यांखाली येईपर्यंत छत उघडंच ठेवायचं.

पुट्टी सगळ्यात शेवटी. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खुणा करून तारीख टाकली आहे; उचलल्यानंतर महिनाभर त्या खुणांमधलं अंतर बदललं नाही तरच रंगाऱ्याला बोलवायचं. तोवर राखून ठेवलेली शेवटच्या हप्त्याची रक्कम मालकांनी सोडायची नाही, हे कारखान्याच्या माणसाकडून त्याच कागदावर लिहून घेतलं.