कॅरसचा टेपरेकॉर्डर आणि आजोबांची वही

मंगळवार, रात्री बारा

धाकट्याची परीक्षा संपली म्हणून आज दोघांनी मिळून ‘द एक्झॉर्सिस्ट’ पाहिला. मी तिसऱ्यांदा, तो पहिल्यांदा. १९७३ चा सिनेमा, आजच्या पोरांना त्यात भिण्यासारखं काय वाटणार, असं मनात होतं. पण झपाटलेल्या रीगन या मुलीच्या मानेत डॉक्टर सुई घालतात, रक्ताची चिळकांडी उडते, तिथं त्यानं उशी तोंडावर घेतली. मलाही दर वेळी तोच प्रसंग बघवत नाही. त्यात भूत कुठंच नाही. कोवळी पोर टेबलावर आडवी, यंत्रांचा धाडधाड आवाज आणि तिचा घाबरलेला चेहरा, एवढंच.

संपल्यावर तो म्हणाला, “आई, डॉक्टर सगळे येडेच दाखवलेत. एकालाही काही कळत नाही.”

तो झोपला, मला झोप येईना. त्याचं म्हणणं खोटं नाही. झपाटल्याच्या सिनेमात खुर्चीवरचा माणूस कधीच विश्वास ठेवत नाही. डॉक्टर असो, फौजदार असो, बिशप असो. आणि तो चुकणार आहे हे आपल्याला आधीपासून ठाऊक असतं. राम गोपाल वर्मांच्या ‘भूत’मध्ये (२००३) नाना पाटेकरांचा इन्स्पेक्टर त्या घरातल्या माणसांकडे ज्या नजरेनं बघतो, ती नजर बरोबर आहे. खून झालाय म्हणजे करणारा कुणीतरी हाडामांसाचाच असणार, हे त्याचं कामच त्याला शिकवतं. पण सिनेमा त्याच्या बाजूनं नसतो. आपणही नसतो. आपण उर्मिलाच्या डोळ्यांकडे बघत असतो.

‘एक्झॉर्सिस्ट’मधला फादर कॅरस मात्र वेगळा. म्हणूनच मी हा सिनेमा परत परत बघते.

तो पाद्री आहे आणि मानसोपचारतज्ज्ञही. स्वतःच्या श्रद्धेला तडे गेलेले, आई एकटीच मेली याचं ओझं मनावर. रीगनची आई विचारते, भूत उतरवून घ्यायचं असेल तर काय करावं लागतं? तो म्हणतो, आधी त्या माणसाला सोळाव्या शतकात पाठवावं लागेल. इतका त्याचा अविश्वास. पण हा अविश्वास ऐकवून तो घरी निघून जात नाही. पुन्हा येतो. नळाचं साधं पाणी तीर्थ म्हणून शिंपडतो, मुलगी तडफडते, आणि तो मनाशी नोंद करतो की हा पुरावा भुताच्या विरोधात जातो. तिचा आवाज टेपवर घेतो, ती अगम्य बडबड उलटी लावून ऐकतो, तर ते उलटं बोललेलं इंग्रजी निघतं. चर्चचा १६१४ चा जुना विधिग्रंथसुद्धा पाद्र्याला आधी हेच बजावतो, की कुणाला भूतबाधा झाली आहे यावर चटकन विश्वास ठेवू नकोस. कॅरस ते अक्षरशः पाळतो. त्याचा संशय त्या मुलीच्या खाटेजवळ बसून राहतो.

एवढं लिहिलं आणि मावशी आठवली. उद्या लिहीन.

बुधवार

मावशीला पहिला झटका आला तेव्हा ती सतरा वर्षांची होती, १९८३ साल. पाटण तालुक्यातलं आमचं आजोळ. भात लावणीचे दिवस. चिखलात उभी असताना तिला जळक्या रबराचा वास आला, “कायतरी जळतंय” म्हणाली आणि आडवी झाली. त्यानंतर दर पंधरा-वीस दिवसांनी तेच. आधी वास, मग पोटातून वर चढणारी भीती, मग डोळे एका जागी खिळलेले, ओठांची चाळवाचाळव, कधी पुटपुटणं, कधी सगळं अंग आखडून पडणं. जागी झाली की काही आठवायचं नाही. गावात कुणाला शंकाच उरली नाही. ओढ्याकाठच्या झाडाखालून आली होती, तिला लागीर झालं होतं.

आजोबा आधी तिला दवाखान्यातच घेऊन गेले होते, हे मला मुद्दाम लिहून ठेवायचं आहे. आमच्या घरी लोक म्हणतात की अडाणीपणामुळे देवऋषी आला. नाही. आजोबा भल्या पहाटे एसटीनं तिला घेऊन गेले, दिवसभर रांगेत बसले. तिथल्या साहेबांनी दोन मिनिटं तिच्याकडे पाहिलं आणि आजोबांना म्हणाले, “नाटकं करते पोरगी. लग्न लावून द्या, बरी होईल.” सतरा वर्षांची मुलगी समोर उभी असताना.

भुतावर विश्वास नसलेला तो माणूस. आणि त्याच्याच दारातून परतताना आजोबांनी देवऋष्याचं घर गाठलं, कारण तिथं निदान पोरीला खोटारडी तरी म्हणत नव्हते. अंगारा झाला, उतारा झाला, लिंबू कापून झाले. मग एका अमावस्येला तिला खांबाला बांधून मिरचीची धुरी दिली. आई सांगते, तिचा खोकला अख्ख्या आळीला ऐकू येत होता. पुढं तीस वर्षांनी, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाल्यानंतर, आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा आला. त्याच्या अनुसूचीत दोरखंडानं बांधणं, मिरचीची धुरी देणं हे शब्द आहेत. मी ते पहिल्यांदा वाचले तेव्हा हातातला कागद खाली ठेवला होता.

शेवटी कुणीतरी मिरजेला न्यायला सांगितलं. तिथल्या डॉक्टरांचाही भुतावर विश्वास नव्हता. पण त्यांनी मावशीला खुर्चीवर बसवून विचारलं, वास कसला येतो? कोणत्या बाजूला मान वळते? जीभ चावली जाते का? आजोबांना सांगितलं, एक वही करा. प्रत्येक वेळी तारीख, वेळ, किती मिनिटं, आधी काय म्हणाली, सगळं लिहा. देवऋष्याकडे जाऊ नका असं त्यांनी पहिल्या भेटीत म्हटलंसुद्धा नाही. पुढच्या भेटीत वही पूर्ण वाचली आणि मग समजावलं की कानशिलाच्या आत मेंदूचा जो भाग असतो तिथून हे निघतं, वाससुद्धा तिथूनच येतो, ही फिट आहे. गार्डिनलच्या गोळ्या सुरू झाल्या. पहिले काही महिने ती पेंगत असायची. मग वहीतल्या तारखा लांब लांब पडू लागल्या.

गुरुवार, पहाटे

सिनेमात रीगनचे डॉक्टरसुद्धा आधी हेच म्हणतात, मेंदूच्या त्याच भागाचा दोष असावा. आणि जर्मनीतल्या ॲनेलिझे मिशेलचंही निदान तेच होतं.

तिच्याबद्दल वाचल्यापासून ती मला मावशीची बहीण वाटत आली आहे. बव्हेरियातलं क्लिंगेनबर्ग, श्रद्धाळू कॅथलिक घर. १९६८ मध्ये, शाळेत असताना पहिला झटका. पुढं वुर्झबर्गला शिकायला गेली, औषधं चालू होती, पण भेसूर चेहरे दिसायचे, आवाज ऐकू यायचे. तिला आणि घरच्यांना वाटू लागलं की हे सैतानाचं काम. १९७५ च्या सप्टेंबरात बिशपनं गुप्तता पाळण्याच्या अटीवर विधीला परवानगी दिली. दोन पाद्र्यांनी दहा महिन्यांत ६७ वेळा तो विधी केला. तिनं खाणं सोडलं. १ जुलै १९७६ ला ती गेली, वय २३, वजन जेमतेम ३० किलो. कारण उपासमार आणि अंगातलं पाणी संपणं. १९७८ मध्ये आशाफेनबुर्गच्या कोर्टानं आईवडील आणि दोन्ही पाद्री यांना निष्काळजीपणानं मृत्यूला कारण झाल्याबद्दल दोषी धरलं आणि सहा महिन्यांची स्थगित शिक्षा दिली. पुढं जर्मन बिशपांच्या मंडळानंच सांगितलं, तिला बाधा नव्हती.

त्या विधींच्याही टेप होत्या. चाळीसहून जास्त. कोर्टात वाजवल्या गेल्या. कॅरसच्या हातात होता तसाच टेपरेकॉर्डर, पण इथं तो आपल्या म्हणण्याला पुरावा जमवण्यासाठी चालू होता. तिचा आवाज दिवसेंदिवस कसा खोल जात असेल, हे त्या खोलीतल्या एकानंही ऐकलं नाही का? ज्या बिशपचं कामच शंका घेण्याचं होतं, त्यानं सही केली. तिथं संशयाची खुर्ची रिकामी राहिली, आणि ती मुलगी त्या रिकाम्या खुर्चीपायी मेली, असं मला वाटतं.

याच घटनेवरून २००५ मध्ये ‘द एक्झॉर्सिझम ऑफ एमिली रोझ’ आला. गोष्ट अमेरिकेत नेली, आरोपी फक्त पाद्री ठेवला, आईवडिलांना कठड्यातून बाहेर काढलं. सिनेमा कसबी आहे, लॉरा लिनी आणि टॉम विल्किन्सन दोघंही मनापासून काम करतात. पण त्यात एक तज्ज्ञ बाई साक्ष देते की औषधामुळंच मुलगी बाधेत अडकून पडली, गोळ्यांनी विधीचा परिणाम होऊ दिला नाही. ते औषधसुद्धा कथेपुरतं बनवलेलं. त्या क्षणी मला जे वाटलं ते अजून उतरलेलं नाही. मावशीच्या उशाशी चाळीस वर्षं गोळ्यांची पट्टी आहे. एखाद्या घरातल्या बापानं तो सिनेमा बघून पोरीच्या गोळ्या थांबवल्या तर? हे विचारायला त्या कथेत जागा नाही. पुढच्याच वर्षी जर्मन दिग्दर्शक हान्स-क्रिस्टियन श्मिड यांनी ‘रेक्विम’ काढला. त्यात भूत दाखवायचा मोह टाळलाय, सांड्रा ह्युलरच्या चेहऱ्यावरून कॅमेरा हलत नाही. तो जास्त खरा आहे.

आणि आपल्याकडे ‘भूलभुलैया’ सगळ्यांना पाठ आहे. तो ज्यावरून आला, त्या फाझिलच्या मल्याळम ‘मणिचित्रताळ’ (१९९३) मधला डॉक्टर सनी मला हवा तसा आहे. वाड्यात राहायला येतो, झपाटल्यासारखं वागणाऱ्या गंगाशी गप्पा मारतो, तिच्या लहानपणाचं ऐकतो आणि तिच्या मनात शिरलेल्या नागवल्ली या नर्तकीचीही बाजू समजून घेतो. पूजापाठ करणाऱ्या नंबुद्रींना तो हाकलून देत नाही, त्यांना सोबत घेतो.

शनिवार, दुपारी

मावशीला फोन केला. ओठावर काहीतरी राहिलं होतं म्हणून ॲनेलिझेची गोष्ट सांगितली. ती मध्ये एकदाही बोलली नाही. मग म्हणाली, “आन तिला जेवाय कोण घालत हुतं गं?”

मी म्हटलं, तिनंच खाणं सोडलं होतं.

“माझंबी सुटलं हुतं की. धुरीनंतर आठ दिस गिळवंना. आई पेजंचा वाटगा घिऊन दारात बसायची. येक घोट गेला की मग उठायची.” थोडं थांबून म्हणाली, “वही हाय अजून. दादांच्या ट्रंकेत. येशील तवा दावते.”

पुढच्या रविवारी जाणार आहे. धाकटाही येतो म्हणालाय.